अर्धे बाबा

खुर्च्या आणि गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्याला जाळीवाला म्हणत. नव्याने कामाला लागलेल्यांना वाटे, हे गृहस्थ खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवून देत असणार. एकदोघांनी तर घरच्या खिडक्यांची मापंही आणून दिली होती. सुरुवातीला तो बिचारा समजावून सांगायचा, नंतर त्याने नाद सोडला. कारण समजावून सांगितलं की लोक आणखीच गोंधळायचे आणि विचारायचे, "म्हणजे खुर्ची तुम्ही बनवत नाही?" नाही. "दुरुस्त करता?" तेही नाही. खुर्चीवर माणूस बसला तर ती कुठे, किती दबेल एवढंच तो कॉम्प्युटरवर काढून सांगायचा. "पण ते बसून बघितलं तर कळत नाही का हो?" या प्रश्नाला इतक्या वर्षांत त्याला धड उत्तर सापडलं नव्हतं, आणि सापडलं असतं तर आपली नोकरी गेली असती असं तो स्वतःच सांगायचा.

खरं तर काम समजायला सोपं आहे. फोमची जाड गादी दाबली तर तिच्या आत काय काय होईल हे एका दमात कोणालाच सांगता येत नाही. म्हणून कॉम्प्युटरमध्ये त्या गादीचे हजारो बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा शेजारच्याशी कोपऱ्याकोपऱ्याला बांधून टाकायचा. झाली जाळी. मग वरून माणूस बसवायचा, त्याचेही असेच तुकडे केलेले. आणि एकेका तुकड्याला विचारायचं, बाबा रे, शेजारी तुला असे ढकलताहेत, तर तू किती दबणार? सगळ्यांची उत्तरं एकमेकांशी जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत राहायचं. जुळली की पडद्यावर रंगीत चित्र येतं. निळं दिसेल तिथे आराम, लाल दिसेल तिथे टोचणार.

लोखंडाची कामं करणाऱ्यांचा त्याला हेवा वाटे. लोखंड सरळमार्गी, दुप्पट जोर लावला की दुप्पट वाकतं. फोम म्हणजे नुसते नखरे. आधी अडून बसतो, मग एकाएकी सगळं सोडून देतो, आणि अगदी तळाला गेला की विटेसारखा कडक होतो. त्यातून काल आपल्यावर कोण बसलं होतं हे आजही थोडंफार लक्षात ठेवतो. हे सगळे रुसवेफुगवे आकड्यांत बसवणं हे जाळीवाल्याचं कसब, आणि त्यात त्याचा हात धरणारा कारखान्यात कोणी नव्हता. हात धरायला दुसरा जाळीवालाच नव्हता, हेही तो लगेच जोडून सांगे.

या कसबाचा घरात मात्र काडीचा उपयोग नव्हता. घरचा सोफा त्यानेच निवडला होता. दुकानात प्रत्येक सोफ्यात अंगठा खुपसून, दुकानदाराला फोमच्या स्वभावावर व्याख्यान देऊन, बायकोला तासभर ताटकळत ठेवून. वर्षाच्या आत त्याला मधोमध खड्डा पडला. बायको शाळेत मास्तरीण होती, तिला फार बोलायची सवय नव्हती. पाहुणे आले की ती एवढंच म्हणायची, "तिथे नका बसू, ती जागा ह्यांनी हिशोब करून निवडली आहे."

अशा या घरात त्याचे वडील राहत. बाबा लांब पल्ल्याच्या बसचे ड्रायव्हर होते. सगळा जन्म बसून कमावलं असं तेच सांगत, आणि बसण्याच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवू नये अशी त्यांची ताठ भूमिका होती. वर्षापूर्वी त्यांना झटका आला आणि डावं अंग गेलं. जीभ थोडी जड झाली, पण बोलणं शाबूत राहिलं. टोमणे तर पूर्वीपेक्षा धारदार झाले, कारण आता ते रचायला वेळच वेळ होता. सकाळ-संध्याकाळ चाकाच्या खुर्चीत बसवून त्यांना खिडकीशी न्यायचं, की खालच्या रस्त्यावरच्या झाडून सगळ्या ड्रायव्हरांची परीक्षा सुरू व्हायची. "बघ, बघ, क्लचवर पाय ठेवून चालवतोय. जाळणार तो क्लच." "हा पांढऱ्या गाडीवाला आरसा फक्त भांग पाडायला वापरतो." दिवसातले ते दोन तास बाबा जिवंत असायचे. बाकीचा वेळ ते छताकडे बघत पुढच्या दोन तासांची वाट बघत.

आणि नेमकं त्या बसण्यावरच संकट आलं. डाव्या बाजूला, बसतो त्या हाडाच्या खाली, कातडी आधी लाल झाली, मग फुटली. मलमपट्टीला सिस्टर येऊ लागली. घरच्यांनी बाबांना हवा भरलेल्या, टायरसारख्या गोल रिंगवर बसवलेलं तिने बघितलं आणि ती रिंग तिथल्या तिथे काढून टाकायला लावली. बाबांना आनंदच झाला. "जन्मभर टायरच्या वरच बसलो," ते म्हणाले, "पण मधे सीट असायची."

सिस्टर हसली नाही. बाहेरच्या खोलीत येऊन तिने नवरा-बायकोला स्पष्ट सांगितलं, "जखम अजून वरवर आहे. महिनाअखेरपर्यंत भरायला लागली तर ठीक. खोल गेली तर बसणं बंद. मग कुशीवरच ठेवायचं, आणि या वयात ते पुन्हा बसतील असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

दार अर्धवट उघडं होतं. आतून बाबा म्हणाले, "पडूनच राहायचं असेल तर मला टपावर बांधा. सामान तिथेच ठेवतात."

जाळीवाल्याने जाऊन ते दार ओढून घेतलं. पण त्याच वेळी, आणि याची त्याला नंतर फार शरम वाटली, त्याच्या मनात कुठेतरी उकळीही फुटली. फोम! दाब! बसलेला माणूस! जगातल्या तमाम दुखण्यांपैकी त्याच्या हातातलं एकमेव दुखणं त्याच्या घरी चालून आलं होतं. "सिस्टर," तो म्हणाला, "बाबांना उशी मी करून देतो. हा माझा विषय आहे." सिस्टरने बायकोकडे पाहिलं. बायकोने सोफ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन बाबांच्या पलंगापाशी उभा राहिला. "सरळ बसा बाबा," तो म्हणाला. हे वाक्य तो वर्षभर दिवसातून निदान दहादा म्हणायचा. बाबा डावीकडे कलायचे, तो म्हणायचा, सरळ बसा. बाबांनी उजव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरली, दात आवळले आणि ते सरळ झाले. त्याने कंबर मोजली, मांडी मोजली, गुडघ्यापर्यंतचं अंतर मोजलं.

"सूट शिवतोयस?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला कॉम्प्युटरमध्ये घालतोय."

"तिथे खिडकी आहे का?"

कारखान्यात त्याने साहेबांची परवानगी काढली आणि जेवणाच्या सुट्टीत बाबांचे तुकडे करायला घेतले. त्यांची हाडं, त्यावरचं उरलंसुरलं मांस, खाली उशी. फोमचे नमुने त्याने स्वतः यंत्रावर दाबून पाहिले, तेही आधी चारपाच वेळा दाबून मऊ करून. कोरा फोम पहिल्या खेपेला उगाच ताठा दाखवतो, त्या आकड्यावर विसंबणारा तोंडघशी पडतो. तयार उशीही तशीच वापरून मऊ करावी लागते, म्हणून ती घरी आल्यावर संध्याकाळभर तो स्वतः तिच्यावर बसून हळूहळू उसळ्या मारत होता. शेजारीण काहीतरी मागायला आली आणि काही न मागता परत गेली.

चित्र मात्र सुंदर आलं होतं. डावीकडून उजवीकडे सगळं शांत, निळंशार. लालाचा ठिपकासुद्धा नाही. त्याने ते छापून घरी आणलं, फ्रिजवर चिकटवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगितलं. बायकोने चष्मा लावून पाहिलं. "यात बाबा कुठले?" तिने विचारलं. त्याने दाखवलं. "बरं," ती म्हणाली.

उशीवर बसवल्यावर त्याने बाबांना विचारलं, "कसं वाटतंय?"

"छान."

"टोचतंय का कुठे?"

"छान म्हटलं ना. माझ्या पोराने केली आहे."

बाबांनी टोमणा मारला नाही, इथेच खरं तर त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण शाबासकी मिळाली की माणूस चौकशी थांबवतो, आणि जाळीवाल्याला शाबासकीची इतकी सवय नव्हती की तो तिच्यावर संशय घेईल. तो आठवडाभर ऑफिसात कॉलर ताठ करून फिरला. फोम कापणाऱ्या कारागिराला त्याने स्वतःच्या खर्चाने चहा पाजला.

मग सिस्टरने पट्टी सोडली आणि बायकोला जवळ बोलावून दाखवलं. जखम पसरली होती. कडा पांढुरक्या झाल्या होत्या. सिस्टर म्हणाली, "दोन तासांचा एक तास करा. आणि तोही माझ्या मनाविरुद्ध."

बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, आणि जाळीवाल्याला ते टोमण्यापेक्षा शंभरपट लागलं.

आता असं झाल्यावर शहाणा माणूस स्वतःकडे बघतो. जाळीवाल्याने आधी फोमकडे पाहिलं: माल हलका आला असेल. मग खोळीकडे: कापड फार ताणून शिवलं असेल. मग सिस्टरच्या पट्टीकडे, चाकाच्या खुर्चीच्या बैठकीकडे, हवेतल्या दमटपणाकडे. चित्र चुकलं असेल ही शंका त्याला आलीच नाही. चित्र फ्रिजवर होतं, सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते निळं होतं.

शेवटी त्याने कारखान्यातून दाब मोजणारी चटई उसनी आणली. पातळ कापडासारखी असते ती, आत बारीक तारा विणलेल्या. वर कोणी बसलं की जोडलेल्या कॉम्प्युटरवर कुठे किती भार आहे ते रंगात उमटतं. संध्याकाळी चटई उशीवर पसरून त्याने बाबांना वर बसवलं, सरळ बसा म्हटलं, आणि तो चटईची वायर कॉम्प्युटरला जोडायला दाराशी गेला. वायर बसेना. तो पाठ करून खटपट करत राहिला. बसली तेव्हा पडद्यावर चित्र आलं. उजवीकडे फिकट निळं, जवळजवळ रिकामं. डावीकडे लालभडक.

"चटई बिघडली," तो म्हणाला. त्याने बाबांना उचलून पलंगावर घेतलं, चटई उलटी फिरवली, डावीकडचा भाग उजवीकडे आणला आणि बाबांना पुन्हा बसवलं. चटई बिघडली असती तर लाल रंगही तिच्याबरोबर बाबांच्या उजवीकडे यायला हवा होता. लाल त्यांच्या डाव्या अंगाखालीच राहिला. त्याने वायर तपासली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी लाल तिथेच. बाबा दमले होते. "झालं का रे उलटंपालटं करून?" ते म्हणाले. "नाही तर आता मलाच उलटा बसव."

बाबांना झोपवून तो स्वयंपाकघरात आला. बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तो फ्रिजसमोर उभा राहिला आणि त्या सुंदर निळ्या चित्राकडे बघता बघता त्याला दिसलं, की त्याची डावी बाजू उजवीची हुबेहूब नक्कल आहे.

"मी अर्धेच बाबा घेतले होते," तो म्हणाला.

"म्हणजे काय?"

"ऑफिसात तशीच पद्धत आहे. माणूस डावीउजवीकडे सारखाच, खुर्चीही सारखीच. मग मधोमध कापायचं, एकाच बाजूचा हिशोब करायचा आणि दुसरी आरशात दाखवायची. वेळ निम्मा लागतो. सगळेच करतात. मी इतकी वर्षं करतोय, हात आपोआप तिकडेच जातो."

बायकोने हातातला शर्ट खाली ठेवला. "आणि कुठली बाजू घेतलीत?"

तो चित्राकडे बघतच म्हणाला, "उजवी."

"चांगली," बायको म्हणाली. ती रागावून म्हणाली नाही, त्यामुळे तो आणखीच खजील झाला.

ज्या माणसाचं डावं अंग गेलंय, ज्याची जखम डावीकडे आहे, जो डोळ्यांसमोर दिवसभर डावीकडे कलतो, त्याला मधोमध कापून त्याची उजवी बाजू दोनदा लावायची! हा गाढवपणा साध्या माणसाच्या हातून होणंच शक्य नाही. सुताराला सांगितलं असतं तर त्याच्याकडून झाला नसता, शिंप्याकडून झाला नसता. त्यासाठी उच्च शिक्षणच हवं, वर दांडगा अनुभव हवा. जाळीवाल्याने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि घालता घालता त्याला हळूहळू कळलं, की सगळा दोष ऑफिसच्या सवयीवर ढकलता येणार नाही.

टेप घेऊन तो उजवीकडे उभा राहिला होता. पलंगाला वळसा घालून डावीकडे गेलाच नव्हता. वर्षभरात तो फारसा कधी गेलाच नव्हता. डावा हात सदऱ्याच्या बाहीत घालायचा असला की बायको घालायची. डावा पाय खुर्चीच्या पायरीवर ठेवायचा असला की तो म्हणायचा, मी औषधं आणतो. खुर्ची ढकलायला तो नेहमी तयार, कारण ती मागून ढकलतात. त्या डाव्या हाताने बाबा घाटात एवढी मोठी बस वळवायचे. आता तो कोणाचा तरी विसरलेला असावा तसा मांडीवर पडलेला असायचा, आणि त्याच्याकडे बघायची जाळीवाल्याला भीती वाटायची. त्याला बाबा पूर्वीसारखे हवे होते. म्हणून तो त्यांना सरळ बसा, सरळ बसा म्हणायचा, आणि कॉम्प्युटरमध्ये तर त्याने त्यांना सरळ करूनच टाकलं होतं. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवायचा प्रयत्न केला नाही. बायकोने त्याला रडू दिलं, मग एक रुमाल घडीतून काढून दिला.

"उद्या डावीकडून मोजा," ती म्हणाली.

टेपने भागणार नव्हतं. कारखान्यात बसण्याचा ठसा घ्यायची एक पिशवी होती, आत बारीक मणी भरलेले. तिच्यावर माणूस बसवायचा आणि पंपाने आतली हवा ओढून घ्यायची, म्हणजे पिशवी त्याच्या बसण्याच्या आकारात घट्ट होऊन जाते. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याने ती घरी आणून पलंगावर ठेवली. बाबांना उचलून तिच्यावर ठेवलं आणि या वेळी तो डाव्या बाजूला जाऊन बसला. बाबांनी सवयीने उजव्या हाताने कड पकडली, दात आवळले, आणि ते सरळ झाले.

"नको बाबा. सरळ नका बसू."

बाबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "वर्षभर डोकं खाल्लंस माझं, सरळ बसा म्हणून."

"चुकलं माझं. मी खोलीत नसताना तुम्ही जसे बसता तसे बसा."

"तू नसताना मी बसत नाही. कलंडतो."

"मग कलंडा."

"पडेन."

"मी आहे ना या बाजूला."

बाबा म्हणाले, "तू आत आलास की मला फार जोर लावावा लागतो रे. तू गेलास की बरं वाटतं. आता बापाने पोराला असं कसं सांगायचं?" आणि त्यांनी कड सोडली.

त्यांचं सगळं वजन डावीकडे आलं. आधी थोडं अडलं, मग एकदम आलं, त्याच्या खांद्यावर, छातीवर. तो कॉम्प्युटरवर रोज माणसं बसवायचा, पण माणसाचा भार असा असतो हे त्याला माहीत नव्हतं. बाबांचा डावा हात घसरून त्याच्या मांडीवर पडला. त्याने तो उचलून धरला. हात उबदार होता. वर्षभर तो समजत होता की तो हात गार असणार.

पंपाचं बटण त्याच्या हाताला पोचत नव्हतं आणि हलायची तर सोयच नव्हती. "अगं, ये जरा," त्याने बायकोला हाक मारली, आणि बटण तिने दाबलं. हवा ओढली जाईपर्यंत दोघं बापलेक तसेच बसून राहिले. बाबा म्हणाले, "तुझा खांदा टोचतो. त्याच्यासाठीपण एक उशी कर."

आता दोन्ही बाजूंचा हिशोब करायचा म्हटल्यावर साहेबांना मात्र ते काही पटलं नाही. "अख्खा माणूस?" ते म्हणाले. "अर्ध्या माणसावर आपण इतकी वर्षं खुर्च्या विकतोय."

"पण साहेब, विकत घेणारे दोन्ही बाजूंनी बसतात."

साहेबांनी विचार केला आणि सुट्टीच्या दिवसांपुरतं मशीन वापरायला दिलं. अख्ख्या बाबांनी मशीनला नाकी नऊ आणले. फोम एका बाजूला दबून दुमडायचा, त्याचे तुकडे पिळवटून आतले बाहेर व्हायचे, आणि कॉम्प्युटर हात टेकायचा. सरळ बसलेला माणूस गणिताला फार आवडतो, तिरका बसलेला मुळीच नाही. जाळीवाल्याने जाळी पुन्हा विणली, नाजूक जागी आणखी बारीक केली, भार हळूहळू चढवला, जसा त्याच्या खांद्यावर चढला होता तसा. पुन्हा अडलं, पुन्हा विणली. शेवटी चित्र आलं तेव्हा ते बघवत नव्हतं. एका बाजूला लाल, दुसरीकडे फिकट, मधे कसलाच तोल नाही. पण चटईवर जे दिसलं होतं तेच यातही होतं. पहिल्यांदाच त्याचं चित्र खरं आलं होतं, आणि ते फ्रिजवर लावण्यासारखं नव्हतं.

त्यावरून उशीचा आकार ठरवायला वेळ लागला नाही. डाव्या हाडाखाली खळगा, त्याच्या बाहेरच्या अंगाला कडक फोमची उंच भिंत, कललेल्या अंगाला टेकायला. मांडीखाली भर, म्हणजे हाडावरचा भार तिकडे पसरावा. कारागिराने ती कापून दिली आणि चारी बाजूंनी फिरवून पाहिली. "जाळीवाले, ही कोणी विकत घेणार नाही," तो म्हणाला. जाळीवाला म्हणाला, "एकच गिऱ्हाईक आहे. तेही पैशांऐवजी टोमणे देतं."

बाबांना त्यावर ठेवलं तेव्हा ते डावीकडे कलले आणि भिंतीला टेकून थांबले. त्यांनी कड धरली नाही. जाळीवाल्याने विचारलं, "कसं वाटतंय?"

"तुझ्या पहिल्या उशीपेक्षा बरी," बाबा म्हणाले. "ती तर दगड होती."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"फ्रिजवर चित्र लावलं होतंस."

महिनाअखेर उलटली. सिस्टरने लगेच काही सांगितलं नाही, दर वेळी ती फक्त हं म्हणायची. मग एका सकाळी तिने पट्टी सोडली, वाकून पाहिलं, आणि जाळीवाल्याला आत बोलावलं. तो डावीकडून आला. कडा गुलाबी झाल्या होत्या आणि मधला खड्डा भरत आला होता. "एक तास सकाळी, एक संध्याकाळी," सिस्टर म्हणाली. "असंच राहिलं तर पुढच्या महिन्यात थोडं वाढवू." बाबांनी तिला ताबडतोब सांगितलं, की तिची स्कूटर फार आवाज करते आणि तेल बदलायला झालंय.

पुढच्या महिन्यात खरंच थोडं वाढवलं. अशाच एका सकाळी बाबांना खिडकीशी बसवून जाळीवाला ऑफिसला जायला तयार झाला. बूट घातले, डबा घेतला आणि दारातून हाक मारली, "येतो बाबा." उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली.  डबा तिथेच टाकून तो धावला, खुर्चीला वळसा घालून डावीकडून पुढे आला, आणि थबकला.

बाबा घोरत होते. डावीकडे कलून, उशीच्या भिंतीला टेकून, तोंड उघडं, हनुवटी छातीवर. दुखत असताना माणूस पडून झोपतो, औषधाने झोपतो, थकून झोपतो, पण बसल्या बसल्या त्याला डुलकी लागत नाही. आजारपणानंतर त्यांना बसून झोपलेलं त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

तो तिथेच उभा राहिला. मग न राहवून त्याने बाबांच्या खांद्याकडे हात नेला.

मागून बायको हळू आवाजात म्हणाली, "काय करताय? उठवून विचारणार आहात का, झोप कशी लागली म्हणून?"

तो तेच करणार होता. त्याने हात मागे घेतला. खुर्चीशेजारी, डाव्या बाजूला, तो बुटांसकट जमिनीवर बसला आणि बाबांची झोप होईपर्यंत हलला नाही.

त्या दिवशी जाळीवाला कारखान्यात फार उशिरा पोचला. साहेबांनी कारण विचारलं. "घरी बाबा झोपले होते," असं त्याने सांगितलं, आणि यात उशीर होण्यासारखं काय आहे हे साहेबांना काही केल्या कळेना.